फक्त आणि च : बिदरच्या दोन वाटा

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या कारकुनाने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल? मला विचाराल तर 'फक्त'. देयक असो, पावती असो की धनादेश असो, आधी रक्कम आकड्यांत लिहायची, मग अक्षरी लिहायची आणि शेवटी 'फक्त' लिहून रेघ मारायची. तो शब्द म्हणजे रकमेच्या दाराला लावलेली कडी. 'रुपये पाचशे' एवढेच लिहून जागा मोकळी सोडली तर पुढे कोणीही 'पंचाहत्तर' चिकटवावे. 'फक्त' लिहिला की संपले. इंग्रजी धनादेशावर हेच काम 'ओन्ली' करतो, हिंदी आणि कन्नड पावतीवर 'मात्र' करतो.

हा 'फक्त' मूळचा अरबी. अरबीत 'फ' म्हणजे 'तर' आणि 'कत' म्हणजे 'पुरे'. दोन्ही मिळून 'फकत', म्हणजे 'तर एवढे पुरे'. आखाती देशांत नोकरी करून आलेले गोंयकार आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी तिथल्या धनादेशावर अरबीत लिहिलेली रक्कम पाहिली असेल. तिथे आजही रकमेच्या आधी 'फकत' लिहितात आणि शेवटी 'याखेरीज नाही' अशा अर्थाचे दोन शब्द जोडतात. फारसीत आणि उर्दूत तर पत्राचा मजकूर संपला हे सांगण्यासाठीही 'फकत' लिहीत. आपल्या जुन्या पत्रांत जसे 'लेखनसीमा' किंवा 'बहुत काय लिहिणे', तसेच हे. कोकणीतही तो 'फकत' म्हणून सुखाने नांदतो. म्हणजे गोव्यात मराठी-कोकणीचा वाद घालणारे दोन्ही पक्ष आपापल्या मागण्या मांडताना 'फक्त' किंवा 'फकत' वापरतात आणि तो शब्द दोघांपैकी कोणाचाच नसतो!

असो. आज लिहायचे आहे ते वादाबद्दल नाही. मर्यादा घालणाऱ्या आणि जोर देणाऱ्या दोन छोट्या शब्दांबद्दल लिहायचे आहे. एक हा 'फक्त'. दुसरा इतका छोटा, की त्याला शब्द म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा. तो म्हणजे 'च'. यांतला पहिला बाहेरून मराठीत आला. दुसरा मराठीतून बाहेर गेला. आणि हा देण्याघेण्याचा व्यवहार ज्या मुलखात चालला तो मुलूख म्हणजे बिदर आणि गुलबर्गा, आजचे कलबुर्गी. आज हे दोन्ही जिल्हे कर्नाटकात आहेत आणि सीमावादाच्या बातम्यांपलीकडे आपण त्यांची फारशी आठवण काढत नाही.

आधी 'च' म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत 'ओन्ली' हा एक शब्द जी कामे करतो त्यांतली बहुतेक आपण 'च' वर सोपवतो, आणि वर आणखी दहा कामे त्याच्याकडून करून घेतो. 'दोनच आंबे दे' यात मर्यादा आहे. 'मीच गेलो होतो' यात जोर आहे. 'आत्ताच आला' यात नेमकी वेळ आहे. 'मी जाणारच' यात निश्चय आहे. 'जाऊच नको' यात निषेध आहे. 'असाच आलो' यात तर काहीच कारण नाही, आणि 'काही कारण नाही' हे सांगायलाही 'च' च लागला! एका अक्षराकडून एवढी चाकरी घेणारी भाषा कंजूष म्हणावी की चतुर?

हा 'च' आपल्या घरचा, आणि जुना. संस्कृतातील 'चैव' पासून प्राकृतात 'चेअ', 'चिअ', 'च्च' अशी रूपे झाली. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ही रूपे 'अवधारण', म्हणजे 'हेच, दुसरे नव्हे' असे ठासून सांगणे, या अर्थी नोंदवली आहेत. जुन्या मराठीत तो 'चि' होतो. ज्ञानेश्वरी उघडली की पानापानावर हा 'चि' भेटतो. पुढे त्याची वेलांटी गळाली आणि 'च' उरला. कोकणीत तोच 'च', गुजरातीत त्याच्या जागी 'ज'. उत्तरेकडच्या हिंदी-उर्दूत मात्र हे काम 'ही' करतो. मीच म्हणजे 'मैं ही', आत्ताच म्हणजे 'अभी'.

आता गुलबर्ग्याच्या किंवा बिदरच्या बाजारात जा. तिथला उर्दू बोलणारा माणूस 'मैं ही' म्हणत नाही. तो म्हणतो 'मैंइच'. 'वही' च्या जागी 'वोइच', 'ऐसा ही' च्या जागी 'ऐसाइच', 'अभी' च्या जागी 'अबीच'. ही तिथली दख्खनी. हैदराबादची बोली म्हणून ती सिनेमामुळे सर्वांना ठाऊक झाली. १९६५ च्या 'गुमनाम' मध्ये मेहमूदने ती बोलून लोकांना पोट धरून हसवले. पण हसणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल, की ज्या 'च' ला आपण हसतो तो तर मराठीचा? तिथला 'नक्को' हाही आपला 'नको' च.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एका भाषेतून दुसरीत नामे सहज जातात. बटाटा आला, त्याच्याबरोबर 'बटाटा' हा शब्द आला. पगार, पाव, काजू हे पोर्तुगीजांकडून असेच आले. वस्तू आली की नाव येते, त्यासाठी दोन माणसांनी एकमेकांशी धड बोलायचीही गरज नसते. पण 'च' सारखा प्रत्यय वस्तूबरोबर येत नाही. त्याला वजन नाही, रंग नाही, तो कोणी विकत नाही. तो एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर कधी जातो? माणसे रोज, वर्षानुवर्षे, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलतात, भांडतात, भाव करतात, पोरांना रागावतात, तेव्हा. म्हणून कुणाच्या बोलण्यात परका 'च' सापडला तर समजावे की हे लोक नुसते शेजारी राहत नव्हते, ते एकमेकांच्या घरात-अंगणात वावरत होते.

मग हा 'च' दख्खनीत शिरला कसा? गुलबर्गा तर मुख्यतः कन्नड मुलूख. कन्नडमध्येही जोर देण्याची सोय आहे. शब्दाच्या शेवटी 'ए' लावला की झाले. 'नानु' म्हणजे मी, 'नाने' म्हणजे मीच. तिथल्या उर्दूने हा 'ए' उचलला नाही, मराठीचा 'च' उचलला. याचे उत्तर इतिहासात आहे असे मला वाटते.

१३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची मंडळी दौलताबादला, म्हणजे आपल्या देवगिरीला आणली. सरदार, शिपाई, सूफी, कारागीर, त्यांची बायकामुले. ही माणसे दिल्लीच्या आसपासची बोली बोलत होती आणि येऊन पडली थेट यादवांच्या मराठी राजधानीत. वीस वर्षांनी, १३४७ साली, याच दौलताबादेत दिल्लीविरुद्ध बंड होऊन अलाउद्दीन हसन बहमनशहा सुलतान झाला आणि त्याने आपली राजधानी गुलबर्ग्याला नेली. म्हणजे गुलबर्ग्याला जी मंडळी गेली, त्यांच्यातली तरुण पिढी मराठी मुलखात वाढलेली होती. दिल्लीची बोली, तिला मराठीची फोडणी, आणि आता चहूकडे कन्नड. पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने राजधानी बिदरला हलवली. बिदर तर असे ठिकाण, की तिथे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्हींच्या कडा एकमेकींना लागतात. 'च' ला मोकळे रान मिळाले.

बिदरच्या याच काळात फख्रुद्दीन निजामी या कवीने 'कदमराव पदमराव' ही मसनवी लिहिली. दख्खनीतली उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी मसनवी मानतात. तिची मौज अशी, की दरबारात फारसीचा डंका वाजत असताना या काव्यात अरबी-फारसी शब्द कमी आणि देशी शब्द भरपूर आहेत. नायकांची नावेच पाहा ना, कदमराव आणि पदमराव! राजाचे दप्तर एका भाषेत आणि कवीची जीभ दुसऱ्या भाषेत, असा तो मामला होता.

आणि इथेच आपल्या दोन शब्दांच्या दोन वाटा वेगळ्या होतात.

'फक्त' ची वाट दप्तराची. बहमनी राज्य मोठे होते, सारा गोळा करायचा तर हिशेब ठेवणारे हवेत. गावोगावचा हिशेब देशपांडे-कुलकर्ण्यांच्या हाती, वरचा फारसी जाणणाऱ्यांच्या हाती. बहमनी मोडून पाच शाह्या झाल्या तरी ही व्यवस्था चालू राहिली. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५३४ ते १५५८) याने जमाखर्चाच्या दप्तरातून फारसी काढून इथली भाषा आणली आणि ब्राह्मण कारकुनांना पुढे केले, असे फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. भाषा बदलली, पण कारकुनाच्या बोटांना लागलेली सवय बदलत नाही. जमा, खर्च, बाकी, वसूल, तहसील, दप्तर, रक्कम, एवढेच काय 'कारकून' हा शब्दसुद्धा फारसी! या सगळ्या लवाजम्याबरोबर 'फकत' ही आला आणि कागदाच्या शेवटी बसला. कागदावरून तो हळूहळू तोंडात आला, 'फकत' चा 'फक्त' झाला. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात परभाषांतून आलेल्या शब्दांपुढे मूळ भाषेची खूण घालायची शिस्त ठेवली होती. त्याची १८५७ ची आवृत्ती नुसती चाळली तरी खुणांच्या गर्दीवरून कळते की आपल्या रोजच्या बोलण्यात हे पाहुणे किती आहेत.

मराठी माणसाच्या मनात बिदर आणि कागद यांची एक जुनी गाठ आहे. दामाजीपंतांची कथा आठवा. मंगळवेढ्याच्या पंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. बादशहा रागावला. मग प्रत्यक्ष विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, मोहरांची थैली रिकामी केली आणि पावती घेऊन आला. कथा श्रद्धेची आहे, तिला इतिहासाची फूटपट्टी लावू नये. पण लोकांनी देवालाही बिदरच्या खजिन्यातून पावती घ्यायला लावली, हे मला फार बोलके वाटते. पैसे भरले, आता पावती हवीच! दप्तराचा धाक देवादिकांच्या कथेतही उतरला होता.

'च' ची वाट याच्या अगदी उलट. तो कुठल्या फर्मानात नव्हता, सनदेत नव्हता. तो गेला पाणवठ्यावरून, बाजारातून, फौजेच्या तळावरून, आणि विशेष म्हणजे जात्यावरून. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवर १९७८ साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने दाखवून दिले की सूफी मंडळींच्या शिकवणुकीचा प्रसार मोठमोठ्या फारसी ग्रंथांनी झाला नाही. तो झाला 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावांच्या साध्या दख्खनी गीतांनी. बायका दळताना आणि सूत कातताना ती म्हणत. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची ही सख्खी बहीण म्हणायची. जाते ओढणाऱ्या दोन बायकांपैकी एक मराठी बोलणारी आणि दुसरी दख्खनी बोलणारी असेल तर 'च' ला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला कितीसा वेळ लागणार?

पुढे तो पुस्तकांतही पोचला. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीचा 'सबरस' हा १६३५ चा गद्य ग्रंथ. दख्खनी गद्याचा तो मानदंड समजला जातो आणि त्यात हा 'च' निःसंकोच वावरतो. पण १६८६ साली विजापूर पडले, १६८७ साली गोवळकोंडा पडला. दख्खनीला आश्रय देणारे दरबार गेले. नंतरच्या काळात उर्दूचे शुद्ध-अशुद्ध दिल्ली आणि लखनौला ठरू लागले. त्या मापाने 'च' गावंढळ ठरला. लिहिणाऱ्यांनी तो टाकला, बोलणाऱ्यांनी ठेवला. निजामाच्या राज्यात फारसी जाऊन उर्दू दरबारी भाषा झाली, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाऊ लागले. पण शाळेत शिकवली गेली ती उत्तरेची उर्दू. वर्गात 'मैं ही' आणि वर्गाबाहेर 'मैंइच'. आपल्या बोलीची लाज वाटायला लावणारे शिक्षण हे काही एकट्या कोकणी मुलांच्या वाट्याला आलेले नाही.

आपल्या बाजूलाही तेच झाले, फक्त उलट दिशेने. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७७ च्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. त्या काळात, नव्या राज्याला आपली ओळख हवी असताना, त्याचे कारण समजते. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. 'फक्त' च्या जागी 'केवळ' लिहावा हा आग्रह त्याच वातावरणातला. यातली गंमत माधव जूलियनांच्या बाबतीत दिसते. फारसीचे हे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, शब्द कुठून आले त्याचा माग काढला. आणि १९३८ साली त्यांनीच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परके शब्द टाळण्याचा पक्ष मांडला. पाहुण्यांची वंशावळ ज्याने लिहिली, त्यानेच त्यांना उठून जायला सांगावे! तिकडे औरंगाबादेत राहिलेल्या मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावाबद्दल उर्दूत एक पुस्तक लिहिले. फारसीने मराठीला काय दिले ते त्यात आहे. मराठीने उर्दूला काय दिले याचे असेच स्वतंत्र पुस्तक घरोघर पोचले असते तर बरे झाले असते, असे राहून राहून वाटते.

कोणाला वाटेल, एवढ्याशा शब्दांसाठी एवढे काय? पण हे एवढेसे शब्दच माणसाला अडवतात. आमच्या फायलीतलेच उदाहरण घ्या. 'फक्त विधवांना अर्ज करता येईल' आणि 'विधवांना फक्त अर्ज करता येईल'. शब्द तेच, जागा बदलली. पहिल्यात बाकीच्या सगळ्या बायका बाहेर. दुसऱ्यात विधवांच्या हाती अर्जाखेरीज काही नाही! 'च' लावला तर ही भानगडच राहत नाही, कारण तो ज्याचा त्यालाच चिकटतो. 'विधवांनाच' आणि 'अर्जच'. साहेबांनी मसुदा कितीही फिरवला तरी 'च' आपले बोट सोडत नाही.

जगात इतरत्रही हेच. पोर्तुगीजची सख्खी बहीण स्पॅनिश. तिच्यात 'सोलो' या एकाच शब्दाचे दोन अर्थ, 'एकटा' आणि 'फक्त'. 'त्राबाखो सोलो लोस दोमिंगोस' म्हटले तर तो माणूस रविवारी एकटा काम करतो की फक्त रविवारी काम करतो? हा घोळ टळावा म्हणून 'फक्त' या अर्थी त्यावर एक आघातचिन्ह देत असत. २०१० साली तिथल्या अकादमीने ते चिन्ह नको म्हणून सांगितले, तर लेखकमंडळी इतकी बिथरली की वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०२३ साली अकादमीला एक पाऊल मागे यावे लागले. अर्थाचा घोळ होण्याचा धोका वाटत असेल तिथे लेखकाने हवे तर चिन्ह द्यावे, असे ठरले. असा माणूस जेव्हा इंग्रजी शिकतो तेव्हा 'ओन्ली' वाक्यात कुठे ठेवावा याने तो बेजार होतो. आपणही होतोच. 'आय केम यस्टर्डे ओन्ली' असे आपण बिनधास्त म्हणतो आणि इंग्रज गोंधळतो. कारण तो 'ओन्ली' इंग्रजी पोशाखातला आपला 'च' असतो. 'कालच आलो'!

बिदरच्या सीमेवर तर 'मात्र' ची आणखी एक मौज. आपल्याकडे 'तू मात्र ये' म्हणजे बाकीचे येवोत न येवोत, तू नक्की ये, असे आग्रहाचे आमंत्रण. कन्नडमध्ये 'नीनु मात्र बा' म्हणजे तू एकटाच ये, दुसऱ्या कोणाला आणू नकोस. दोघांचा 'मात्र' एकाच संस्कृत शब्दाचा. एकाच्या घरी तो दार उघडतो, दुसऱ्याच्या घरी लोटून घेतो. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला असल्या ठिकाणी सांभाळून बोलावे लागते, आणि त्या मुलखात तशी माणसे खूप. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७ ते १८६५) यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, तेलुगूत आहेत आणि तिथल्या हिंदुस्तानीतही आहेत. त्यांच्या संप्रदायाचे नावच 'सकलमत'. बहमनी घराण्याशी ज्यांचे नाते सांगतात ते शहा मुंतोजी हे तर मराठीचे संतकवी, मृत्युंजय या नावानेही ओळखले जाणारे.

पण एवढे सांगून थांबलो तर चित्र गोड होईल आणि खोटे होईल. १९४८ साल विसरता येत नाही. त्या वर्षी मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात रझाकारांनी लोकांची कत्तल केली. सप्टेंबरात पोलिस कारवाई होऊन निजामी राजवट संपली आणि त्यानंतरच्या दिवसांत सूड उगवला गेला तो मुसलमान वस्त्यांवर. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर बिदर आणि गुलबर्गा होते. मारणारे आणि मरणारे, दोन्हीकडच्या जिभेवर तोच 'च' होता. एक प्रत्यय सामाईक असला म्हणून माणसे एकमेकांना मारायची थांबत नाहीत. भाषेच्या अभ्यासाने माणूस सुधारतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण पाचशे-सहाशे वर्षे ही माणसे एकमेकांशी कशी बोलत होती, याचा पुरावाही तोच 'च' देतो. एका वर्षाने तो पुरावा पुसला जात नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, १९५६ साली, राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मराठी म्हणून मुंबई राज्याकडे आले, ते आज लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग तेलुगू म्हणून आंध्रकडे गेला, आज तेलंगणात आहे. उरलेला बिदर म्हैसूर राज्याकडे. गुलबर्ग्यातूनही कोडंगल आणि तांडूर आंध्रकडे गेले. मराठीभाषक गावांचा प्रश्न तेव्हापासून धुमसत राहिला. १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्यांत भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूची गावेही येतात. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गुलबर्ग्याचे २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले, हैदराबाद-कर्नाटकचे २०१९ साली कल्याण-कर्नाटक झाले.

सीमाभागातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत शाळा हवी, उतारा-दाखला आपल्या भाषेत हवा, ही मागणी रास्तच आहे. मी स्वतः कचेरीत बसतो. आपल्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठा उठवायला लागणे म्हणजे काय ते मी रोज पाहतो. माझे म्हणणे एवढेच की, ही मागणी करताना आपण इतिहास अर्धा सांगू नये. बिदर 'आमचेच' असे मराठी माणूस म्हणतो, कन्नड माणूसही आपला 'ए' लावून तेच म्हणतो. शिरगणतीत माणसाला मातृभाषा एकच सांगावी लागते, तिथे 'फक्त' चे राज्य. तोंडात मात्र तीन-तीन भाषा एका वेळी असतात.

गोव्यालाही हे परके नाही. १४७२ साली बिदरचा वजीर महमूद गावान याने विजयनगरकडून गोवा जिंकला. बिदरच्या त्याच्या मदरशाचे कामही त्याच सुमाराचे. १४८१ साली खोट्या पत्राच्या आरोपावरून त्याला मारले, म्हणजे त्याचाही घात कागदानेच केला. पुढे १५१० पर्यंत गोवा बहमनींकडे आणि मग विजापूरकडे होता. आपल्या जुन्या महसुली शब्दांत फारसी सापडते ती पोर्तुगीजांच्या आधीच्या याच दप्तरांची खूण. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला वापराची मुभा मिळाली. तेव्हापासून आपणही 'हीच की तीच' या 'च' वर अडून बसलो आहोत. आणि तो 'च' तर दोघींचा!

इतिहासाच्या पुस्तकांत आपण दप्तराची वाट वाचतो. सुलतान, वजीर, फर्मान, सारा. ती कागदावर आहे म्हणून सापडते. जात्याची वाट कागदावर नाही, ती जिभेवर आहे, आणि ती ऐकावी लागते. पहिल्या वाटेने आपल्याकडे 'फक्त' आला आणि आपण तो राज्यकर्त्यांचा म्हणून अधूनमधून हाकलू पाहिला. दुसऱ्या वाटेने आपला 'च' गेला आणि तिथल्या शिकलेल्या लोकांनी तो अडाण्यांचा म्हणून हाकलू पाहिला. दोघेही गेले नाहीत.

शाळेत मराठीचे मास्तर 'फक्त दोनच' असे लिहिले की लाल शाईने एक शब्द खोडत. 'फक्त' लिहा किंवा 'च' लिहा, दोन्ही नकोत, द्विरुक्ती होते. व्याकरणाच्या दृष्टीने मास्तरांचे बरोबर असेल. पण बाजारात ऐका, घरात ऐका, प्रत्येक जण 'फक्त दोनच' म्हणतो, 'फक्त तूच' म्हणतो, 'फक्त आजच' म्हणतो. अरबीतून दप्तरामार्गे आलेला एक आणि प्राकृतातून जात्यापाशी आलेला एक, दोघे बोलण्यात जोडीने बसतात. पोराटोरांच्या वहीतला त्यांतला एक खोडायच्या आधी तो कुठून आला एवढे तरी त्यांना सांगावे.